माघारी जाणारे हात

आमचे हे गोलकीपर होते. आमच्या बाजूला एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजे काय करायचे?" कबड्डी सगळ्यांना कळते, क्रिकेट पोरासोरांना कळतं, पण फुटबॉल, आणि त्यातही हातानं खेळणारा माणूस, हे काही कुणाच्या ध्यानात यायचं नाही. मग मी सांगायची, जाळीपुढं एकटा उभा असतो ना, तो. बाकीचे धावतात, हा थांबतो. त्यावर आमच्या सासूबाई एकदा म्हणाल्या, "थांबायचा पगार देतात? मग मला पण घ्या म्हणावं. ह्याचा बाप ट्रकवर जायचा, तेव्हा मी काय दुसरं केलं?"

आमचं गाव पोलादपूरच्या पुढं, कशेडीच्या पायथ्याला, हमरस्त्याच्या खालच्या अंगाला. घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर दिवसभर कानात असायची. ती मधेच थांबली तर माणसं अंगणात येऊन वर बघायची, दरड आली की काय म्हणून. नव्या नवरीला पहिले काही दिवस त्या आवाजानं झोप यायची नाही. मला मात्र आली. मला वाटायचं कसलंतरी मोठं जनावर डोंगराच्या पोटात शांत घोरतंय.

आता कौलांचं सांगते, कारण कौलांशिवाय यांचा फुटबॉल सांगताच येणार नाही. उन्हाळा सरत आला की आमच्याकडं घरं शाकारायची. जुनी कौलं उतरवायची, तडकलेली बाजूला काढायची, बाकीची पुन्हा बसवायची. गावातले गडी पाळीपाळीनं एकमेकांच्या घरी जायचे. खालचा माणूस दोन कौलं एकावर एक धरून वर फेकणार, वळचणीला बसलेला ती झेलणार आणि मागच्याला देणार. यात एक रीत होती. मदतीला अख्खा गाव येऊ दे, झेलायला बसणारा माणूस ज्याचं घर त्याच घरचा पाहिजे. कौल फुटतं ते झेलणाऱ्याच्या हातात. फुटलं तर आपल्याच माणसाच्या हातून फुटू दे, शेजाऱ्याशी वाकडं नको, एवढंच त्यातलं शहाणपण.

यांचे वडील लवकर गेले. त्यामुळं शाळकरी वयापासून वळचणीला हेच. कौल झेलायची एक खुबी असते. कौलाला हात पुढं करायचा नाही. पुढं केला की ते हातावर आपटतं आणि तडकतं. ते येताना बघायचं, बोटांना लागलं की त्याच्याबरोबरच हात माघारी न्यायचे, अगदी छातीपर्यंत, जसं निजलेलं मूल एकीच्या खांद्यावरून दुसरी आपल्या खांद्यावर घेते तसं. कौलाला कळताही कामा नये की आपलं उडणं संपलं. यांच्या हातून कौल फुटलेलं कुणाला आठवत नव्हतं.

आमचं लग्न झालं तेव्हा हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिफ्टला जायचे. सकाळची पाळी सुटली की कंपनीची बस महाडात सोडायची, आणि पोलादपूरच्या एसटीला वेळ असायचा. तेवढ्या वेळात हे सावित्रीच्या कडेच्या मैदानावर जाऊन बसायचे. तिथं महाडमधली मुसलमान मंडळी फुटबॉल खेळायची. कुणाचा बाप कुवेतला, कुणाचा भाऊ दुबईला, चेंडू तिकडूनच यायचे. एक दिवस जोरात मारलेला चेंडू मैदानाबाहेर आला आणि यांनी तो बसल्या जागी घेतला. कौल घ्यावं तसा. खेळणारे थांबलेच म्हणे. त्यांच्यातला एकजण जवळ आला आणि म्हणाला, "अरे यार, आवाज कुठं गेला?"

चेंडू हातावर बसला की फाट् असा आवाज होतो ना, तो झालाच नव्हता. हा माणूस पुढं यांचा जन्माचा मित्र झाला. त्याच्या घरचा ट्रकचा धंदा होता. त्यानं आखातातून आलेले स्वतःचे हातमोजे यांना दिले आणि जाळीकडं बोट केलं. "तिथं उभा रहा. पळायचं नाय, बोलायचं नाय. फक्त आवाज खायचा."

तिथून पुढं सगळं स्वप्नात घडावं तसं घडलं. कारखान्यांच्या स्पर्धा, मग जिल्हा, मग मुंबईच्या एका क्लबाचा माणूस बघायला आला, आणि एका पावसाळ्यानंतर यांनी कारखाना सोडला. खेळायचं हीच नोकरी. सासूबाईंना ते पटायला फार दिवस लागले. मला लगेच पटलं, कारण मला काहीच कळलं नव्हतं. मी कधी सामना बघितला नव्हता. भांडी घासताना, भात निवडताना माझ्या डोळ्यांपुढं एक मैदान यायचं, लावणी झालेल्या खाचरासारखं हिरवं, पण पाणी नसलेलं. त्याच्या टोकाला हे उभे. धुक्यातून एक पांढरा चेंडू हळूहळू यायचा, इतका हळू की मध्ये माझी चार भांडी व्हायची, आणि हे त्याला अलगद छातीशी घ्यायचे. हरणं-जिंकणं माझ्या मैदानात नव्हतंच.

मग देशभरच्या मोठ्या क्लबांच्या सामन्यांचे दिवस आले. हे पहिले गोलकीपर होते, म्हणजे मैदानात उतरणारे. दुसरा बाकावर बसून असायचा. त्या वर्षीचा मोसम संपला आणि हे घरी आले ते गप्पच. अंगणात पिशवी ठेवली, पाय धुतले, ओटीवर बसले. हात मांडीवर उताणे ठेवलेले, जसे काही दुसऱ्याचे आहेत आणि यांना नुसते राखायला दिलेत.

दुपारी सासूबाई कलंडल्यावर मी विचारलं, "काय झालंय?"

"आंबा आण एक," हे म्हणाले.

मी पाटीतला रायवळ आंबा आणला. यांनी पायाच्या अंगठ्यानं अंगणात एक रेघ ओढली आणि रेघेवर उभे राहिले. "टाक माझ्याकडं. वरनं टाक."

मी टाकला. यांनी घेतला. हात आपले आपण मागं गेले, सावकाश, खांद्याच्याही मागं.

"आता बघ आंबा कुठं हाय."

आंबा रेघेच्या पलीकडं होता.

"हाच गोल. चेंडू रेघेपलीकडं गेला की गोल, हातात असला तरी," हे म्हणाले. "शेवटच्या सामन्यात. चेंडू उंच आला, मी पाय रेघेवर ठेवून घेतला, छान घेतला, आणि हात गेले माघारी. कडेच्या पंचानं निशाण वर केलं. मी चेंडू हातात धरून उभा, आणि समोरच्या संघाची माणसं नाचतायत. मला वाटलं येडी झाली काय ही."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "पण तुम्ही तर झेललात!"

"तेच मी पण म्हणत होतो गो."

कोच गोव्याकडचे होते, वयस्कर. रागावले नाहीत म्हणे. यांना बाजूला घेऊन विचारलं, हे असे हात तुला कुणी शिकवले? यांनी कौलांचं सांगितलं. त्यांनी यांचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाले, "घरी जा. पाऊस लागला की सराव सुरू होईल, तोवर काही म्हणजे काही झेलू नकोस. अंगावर येईल ते मुठीनं पुढं मार. हात पुढं आले तर जागा तुझी. माघारी गेले तर दुसऱ्याला उभा करीन, आणि मग तुला ठेवून तरी काय करू?"

म्हणजे एवढाच काय तो प्रश्न होता, हात पुढं की मागं. पण त्याच्यावर सगळंच होतं. पुन्हा कारखान्याच्या पाळीत जायला हे तयार होते, मला तसं म्हणालेही. पण म्हणताना नदीकडं बघत होते.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी यांच्या हातात काही टाकायचं नाही असं ठरलं. ठरवलं मी. सासूबाईंना कुठं पटायला! पहिल्याच दिवशी माळ्यावरून नारळ खाली देताना त्या सवयीनं म्हणाल्या, "धर रे," आणि सोडला. यांनी मुठीनं मारला. नारळ गोठ्याच्या कुडाला जाऊन लागला, म्हैस उभी राहिली.

"अरे मेल्या! नारळ हाय तो!"

"आई, मला झेलायचं नाय."

"मग जेवायचं पण नाय. मी ताट टाकलं तर ते पण मारशील."

संध्याकाळी आम्ही दोघं खालच्या रिकाम्या खाचरात जायचो. मी बांधावर उभी राहून चेंडू टाकायची, हे पुढं झेप घेऊन मुठी मारायचे. चेंडू कुठल्या कुठं जायचा आणि मी तो आणायला धावायची, कधी करवंदीत, कधी नदीच्या डोहात. ऊन उतरलेलं असायचं. आंबेनळी घाटाच्या बाजूचे डोंगर निळे, त्यांच्यामागचे त्याहून निळे, त्यांच्यामागं आहेत की नाहीत असे. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांसमोर कधी उभे नव्हतो. बाया पाणी भरून जाताना पदर तोंडाला लावायच्या. "खेळा गो खेळा, लगीन आताच झालंय जणू!"

दहातले पाच-सहा चेंडू हात पुढं जाऊन मारायचे. बाकीच्यांना हात आधी माघारी जायचे आणि मग आठवण झाल्यासारखे पुढं यायचे. पण रोज थोडा फरक पडत होता. मला दिसत होता.

आणि मग आमच्या घराची शाकारणी आली. आभाळ भरायला लागलं होतं, थांबून चालणार नव्हतं. सकाळी गडी जमले, शिडी लागली. हे शिडीपाशी गेले आणि वर बघत उभे राहिले. यांच्या एका चुलत्यांनी नुसतं गंमत म्हणून, "घे रे पैलवाना," म्हणत एक कौल यांच्याकडं उडवलं. यांनी घेतलं. अलगद, सावकाश, छातीपर्यंत. सगळे "वा!" म्हणाले. मी यांच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या दिवसांची मेहनत त्या एका कौलाबरोबर वाहून गेली होती, आणि अजून अख्खं छप्पर पडलं होतं.

"एकच दिवस हाय," हे मला हळूच म्हणाले. "घर गळून चालंल काय? चढतो मी."

"तुम्ही नाय चढायचं."

"मग कोण? आई?"

मी आत गेले, लुगड्याचा कासोटा घट्ट घातला, पदर खोचला आणि बाहेर येऊन शिडीला हात लावला.

 सासूबाई चुलीपासून धावत आल्या. "अगो, येड लागलंय काय तुला? सुना कधी घरावर चढतात काय? खाली उतर!"

चुलते म्हणाले, "काय रे, गोलकीपर अंगणात नि बायको घरावर! मुंबईत असंच शिकवतात काय?"

सगळे हसले. एकजण म्हणाला आम्ही बाईमाणसाकडं कौल फेकणार नाय, पडली बिडली तर कुणाच्या नावावर? दुसरा म्हणाला, मी बसतो झेलायला. पण ते रीतीत बसत नव्हतं, आणि तोंडातून निघाल्यावर त्यालाही ते कळलं. मी निम्म्या शिडीवर. खाली सासूबाई. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा लेकाच्या हातांकडं. नारळ मारलेल्या हातांकडं. काय कळलं त्यांना, कुणास ठाऊक.

"टाका रे," त्या गड्यांना म्हणाल्या. "घरचं माणूस पायजे ना? मग ती काय भाड्यानं आणलीय? टाका."

तरी कुणी हलेना. तेव्हा हेच पुढं झाले. ढिगातली दोन कौलं उचलली, वळचणीखाली उभे राहिले आणि माझ्याकडं मान वर करून बघितलं.

पहिली दोन माझ्या हातात फुटली. पुढची जोडी पण. खाली हशा. हे मात्र हसले नाहीत. "हात पुढं करू नको गो. जोडीला येऊ दे. लागली की माघारी घे. माघारी. अजून माघारी."

कशी कोण जाणे, त्याच्या पुढची बसली. मागच्या गड्याला दिली. त्याच्या पुढचीही बसली. कौलं उन्हात खालून वर यायची, तांबडी, एकमेकांना चिकटलेली, आणि माझ्या बोटांपाशी येऊन क्षणभर तरंगायची, घेऊ का नको विचारल्यासारखी. खाली यांचे दोन्ही हात पुढं ताणलेले, फेकताना पुढं, पुन्हा पुढं. आणि तोंडानं दिवसभर एकच, "माघारी, माघारी." स्वतः जे विसरायचं होतं ते मला सांगत होते. दुपारी डोळ्यांवर झापड आली तेव्हा मला वाटायला लागलं, हे कौलं फेकतच नाहीयेत. आपल्या हातातलं ते मऊपण काढून जोडी-जोडीनं माझ्याकडं वर पाठवतायत, आणि मी ते घेऊन घरावर पसरतेय.

वरून मी गाव पहिल्यांदा बघितलं. खालून गाव म्हणजे नुसत्या भिंती. वरून नदीचं वळण दिसत होतं, हमरस्ता दिसत होता, घाटात मुंग्यांसारखे ट्रक. याच रस्त्यानं हे जाणार, मी मनात म्हटलं, आणि मी इथं बसून यांच्या जाण्याचीच तयारी करतेय. तेवढ्यात जोडी आली. घेतली.

पाऊस लागला आणि हे गेले. त्या वर्षी घर दोन-तीन जागी गळलं, नाही कशाला म्हणू? सासूबाई गळतीखाली पातेलं ठेवायच्या आणि कुणी आलं की मुद्दाम दाखवायच्या, "ही जागा आमच्या सूनबाईंची." त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, मला आजवर लागलं नाही.

पोलादपूरला टेलिफोनच्या बूथवर यांचा फोन यायचा, मी सांगितल्या दिवशी जाऊन बसायची. हे सांगायचे, माझ्या हातांची कोचना खात्री पटेस्तोवर दुसरा उभा राहतोय, मी बाकावर हाय. मग सांगितलं, अजून बाकावर. मग थंडीत एकदा म्हणाले, दुसऱ्याचा पाय दुखावलाय, रविवारी मी. कोच म्हणालेत, हाच सामना बघतो आणि ठरवतो.

यांचे महाडचे ट्रकवाले मित्र, आमचे भाई, घरी आले. "वहिनी, रविवारी माझी गाडी मुंबईला खाली करायचीय. बसा केबिनमध्ये. अम्मा, तुम्ही पण." मला वाटलं सासूबाई नाही म्हणतील. त्या आधीच केसांना तेल लावत होत्या.

दुपारचा सामना होता. मैदान माझ्या मनातल्यासारखं नव्हतं, अर्ध्यात माती होती. पण टोकाला हे उभे होते, हिरवा अंगरखा घालून, अगदी एकटे. सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्याशी कुणीच बोलत नाय गो." मग मोठ्यानं हाक मारायला निघाल्या, भाईंनी थांबवलं.

पुष्कळ वेळ चेंडू दुसऱ्याच बाजूला होता. मग कोपऱ्यातून कुणीतरी उंच मारला. तो वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि खरंच सांगते, हळू झाला, भांडी घासताना यायचा तेवढा हळू. हे रेघेवर. चेंडू बरोबर यांच्या डोक्यावर उतरायला लागला. पुढून दोघं अंगावर आले. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. यांनी एक पाऊल पुढं टाकलं, मग दुसरं, आणि त्या दोघांच्या वरून दोन्ही मुठी पुढं गेल्या. चेंडू मैदानाच्या मध्यापर्यंत गेला.

भाई उठून उभे राहिले. "वहिनी! गया वो! लांब गेला!"

लोक टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या. पण मला तो अंगणातला आंबा घेणारा माणूस एकदाही दिसला नाही त्या दिवशी. जे दिसत होतं ते जोरकस होतं, खंबीर होतं, आणि जरा परकं होतं. असं होणार हे मला घरावर बसले तेव्हाच कळायला हवं होतं.

सामना बरोबरीत सुटला. संपल्यावर हे तारेच्या जाळीपाशी आले. आम्ही अलीकडं, हे पलीकडं. घामानं निथळत होते.

"हात दाखव," सासूबाई म्हणाल्या. यांनी मोजे काढले. बोटांची पेरं सुजली होती. "जेवलास काय?"

"जेवलो. आई, ठेवलं मला. कोच आत्ताच बोलले. पुढला मोसम पण, त्याच्या पुढला पण."

"दिसलं आम्हाला," मी म्हटलं. "फार लांब मारलात."

हे हसले. मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. पुढला मोसम म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. मोसमाच्या दोन टोकांना थोडे दिवस हे घरी, आणि मध्ये सगळं वर्ष मी टेलिफोनच्या बूथवर. मीच मिळवून दिलं होतं ना ते, मग तक्रार कुणाकडं करू?

मागून कुणीतरी यांना हाक मारली. क्लबाची बस निघत होती.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "बस सुटेल."

असं म्हटलं खरं, पण जाळीतून यांची बोटं धरली होती ती काही सोडली नाहीत. सासूबाई तोंड फिरवून रिकाम्या मैदानाकडं बघत उभ्या राहिल्या, जसा काही तिथं अजून खेळ चालूच होता.